तेल वेगळे, पाणी वेगळे

(कौंडण्यपूर येथे कार्तिकी यात्रेच्या दिवसांत भरलेल्या ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या चिटणिसांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘सांडपाण्यातील तेल’ असे कळविले. त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतले. शिक्षण, संघटन, सामुदायिक विवाह यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ असे त्यांस वाटले असावे. ते विषय मोठे आहेत आणि त्यांवर अधिकाराने बोलणारी मंडळी या मंडपात पुष्कळ आहेत. आम्ही घाण्याच्या घरात जन्मलो, तेलाच्या गिरणीत केस पांढरे केले. तेव्हा आम्हांस जे ठाऊक आहे त्यावरच बोलावे हे बरे.

समोरच्या मेजावर काचेच्या दोन बाटल्या ठेवल्या आहेत. दोहोंत पाणी आहे आणि दोन दोन चमचे सरकीचे तेल आहे. दुसरीत मात्र साबणाच्या चुऱ्याची एक चिमूट अधिक घातली आहे. आता या मुलाने दोन्ही बाटल्या सारख्याच जोराने हलविल्या. दोन्ही पांढुरक्या दिसत आहेत. त्या तेथेच राहू द्या. आमचे बोलणे संपेपर्यंत त्यांजकडे अधूनमधून पाहावे, एवढीच विनंती.

तेल आणि पाणी यांचा व्यवहार आपल्या समाजास नवा नाही. ज्यांच्या घरी घाणा होता त्यांस आठवत असेल की, तीळ किंवा जवस लाटेखाली रगडले जात असता वडील मंडळी मधूनमधून पाण्याचा शिपका देत. पाहुणा विचारी, “तेलात पाणी कशास घालता?” पण त्या शिपक्यावाचून तेल सुटत नसे. दाण्याचा कोंडा पाणी धरतो आणि पाण्याने तेथून तेलास हुसकले म्हणजे ते बाहेर येते. शिपका कमी पडला तर ढेप तेल सोडीत नाही. अधिक पडला तर सगळ्याचा राडा होतो. हे प्रमाण पुस्तकात नव्हते, आमच्या आजोबांच्या बोटांत होते. या नदीच्या पलीकडे, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर झवेरभाई पटेल यांनी जुन्या घाण्याचा अभ्यास करून तो सुधारला आणि ‘वर्धा घाणी’ हे नाव देशभर झाले. बैल तोच, लाकूड तेच. पण कष्ट कमी आणि तेल अधिक. आम्हां वऱ्हाडकरांस त्याचा अभिमान वाटावा, जरी ते काम पैलतीरावर झाले असले तरी!

घाण्याला सांडपाणी नव्हते. तेल डब्यात, ढेप गोठ्यात, आणि उरलेला ओलावा हवेत. सांडपाणी आले ते सरकीबरोबर आणि रिफायनरीबरोबर.

वऱ्हाड कापसाचा मुलूख. तेव्हा सरकी आपल्या दाराशी येऊन पडली यात नवल नाही. परंतु सरकीचे कच्चे तेल काळपट तांबडे असते. गॉसिपॉल नावाचे एक द्रव्य सरकीतच असते, त्याचा तो रंग. आणि ते खाण्यास योग्य नव्हे. ते काढण्यासाठी तेलात कॉस्टिक सोड्याचे पाणी घालावे लागते. कॉस्टिक गॉसिपॉल ओढून घेते, तेलातील आंबटपणाही मारते, आणि त्या आंबटपणाचा साबण होतो. हा साबण तळाशी बसतो. त्यास गिरणीत सोपस्टॉक म्हणतात. तो काढला तरी तेलात साबणाचा अंश राहतोच, म्हणून गरम पाण्याने तेल दोनदा धुवावयाचे. आमच्या अनुभवाप्रमाणे दहा टन तेलामागे दोन्ही धुण्यांचे मिळून दोन ते तीन हजार लिटर पाणी निघते. दुधासारखे पांढरे, कोमट, हातास बुळबुळीत. आजच्या बोलण्याचा सगळा विषय त्या पाण्यात आहे.

आता एक गोष्ट सांगावयाची ती आमच्याच चुकीची आहे. आम्ही लहानशी रिफायनरी घातली तेव्हा हे पाणी गिरणीमागच्या नाल्यात सोडले. खाण्याचेच तेल आहे, साबणही अंग धुण्याचाच भाऊ, त्यात विष कोठले, असा आमचा युक्तिवाद होता आणि तो आम्हांस त्या वेळी फार बिनतोड वाटत होता. पावसाळ्यात काही कळले नाही. होळीनंतर नाल्याची धार तुटली, डबकी राहिली, त्यांवर तवंग साचला, त्याखाली पाणी काळे पडले आणि घाण सुटली. नाल्याच्या काठी, अर्ध्या कोसावर, एका वस्तीची विहीर होती. एके दिवशी सकाळी तेथली एक म्हातारी डोक्यावर घागर घेऊन आली, ती थेट आमच्या गादीपुढे उतरविली आणि म्हणाली, “मालक, हे पानी पेऊन पाहा बरं. आमी रोज पेतो.”

आम्ही ते पाणी प्यालो नाही. घागरीवर इंद्रधनुष्यासारखा पातळ रंग फिरत होता, तो अद्याप डोळ्यांपुढे आहे. मुनीमजींनी तिला काही पैसे देऊ केले. तिने ते घेतले नाहीत आणि घागरही नेली नाही. ती घागर आमच्या गिरणीत पुष्कळ दिवस होती.

त्यानंतर आम्ही जे केले तेही शहाणपणाचे नव्हते. प्रथम कच्चा खड्डा खणून पाणी त्यात जिरविले. म्हणजे जे नाल्यातून विहिरीत जात होते ते जमिनीतून जाऊ लागले. मग विटा-सिमेंटची एक मोठी टाकी बांधली. तेल हलके, ते आपण होऊन वर येईल, वरचे काढून घेऊ, खालचे सोडून देऊ, असा हिशेब. रात्रभर पाणी स्थिर ठेवले. सकाळी पाहतो तो वर बोटभर साय आणि खाली पाणी होते तसे दुधाळ! आमच्या बहिणीचा मुलगा नुकताच नागपुरास तेलतंत्र शिकून आला होता. त्याने त्या पाण्यात बोट बुडवून चोळले आणि म्हणाला, “मामा, टाकी चांगली आहे. पण तुम्ही तेलाला वर यायला सांगता आणि साबण त्याला सोडत नाही.”

त्याने पुढे जे समजावून दिले ते आपल्या भाषेत सांगतो. सरकीचे तेल पाण्याहून शेकडा आठ भागांनी हलके. एवढ्या फरकावर ते वर चढते. परंतु किती वेगाने चढेल हे थेंबाच्या आकारावर ठरते, आणि तेही सरळ प्रमाणात नव्हे, वर्गाच्या प्रमाणात. थेंब दहापट लहान झाला की वेग शंभरपट मंदावतो. मिलिमीटरच्या सुमारे सातव्या भागाएवढा थेंब एक मीटर पाणी पाव तासाच्या आसपास चढून जातो. त्याच्या दहाव्या हिश्शाच्या थेंबास तेवढ्यासाठीच सव्वा दिवस लागतो. शंभराव्या हिश्शाचा थेंब घेतला तर हिशेबाने जवळजवळ चार महिने होतात, म्हणजे त्याने आषाढीस निघावे आणि कार्तिकीस पोहोचावे! वस्तुतः तो पोहोचतही नाही. पाण्यातील बारीकशी हालचाल त्यास पुन्हा खाली नेते. आणि साबण नेमके हेच करतो. तेलाचे थेंब बारीक करतो, प्रत्येक थेंबाभोवती कवच घालतो, आणि दोन थेंब जवळ आले तर त्यांस एकमेकांत मिळू देत नाही. शास्त्रात अशा मिश्रणास पायस म्हणतात. आमच्या टाकीत पायस भरले होते आणि आम्ही त्याची साय धरण्याची वाट पाहत बसलो होतो.

भगिनींनो, हे तुम्हांस आमच्यापेक्षा लवकर कळेल. रश्श्यावर तर्री कशी येते? मंद आचेवर, ढवळणे थांबविल्यावर. घाईने पळी फिरविली की तर्री मोडते. तेच आमच्या पाण्याचे. आम्ही ते पाणी टाकीत चढविण्यासाठी वेगाचा पंप लाविला होता. पंपाच्या पात्यांनी उरलेसुरले मोठे थेंबही कुटून काढले. भाच्याने पहिले काम केले ते पंप काढून नळास उतार देण्याचे. त्यास काहीच खर्च आला नाही, आणि साय दुसऱ्याच दिवशी दाट झाली. येथे कोणी म्हणेल की, ताक तर घुसळल्यानेच लोणी निघते. खरे आहे. पण सायीतला स्निग्धांश गार असता अर्धा गोठलेला असतो, त्याचे कण एकमेकांवर आपटून चिकटतात. म्हणून तर लोणी येईना झाले की आपण गार पाणी घालता. गरम तेलाचे तसे नाही. ते घुसळाल तितके फुटेल.

पुढची पायरी साबणाचे कवच फोडण्याची. साबण अल्काचा, त्यास आम्ल दाखविले की तो साबण राहत नाही, त्याचे पुन्हा आंबट तेल होते आणि वर येते. आम्ही धुण्याचे पाणी एका लहान टाकीत घेऊन गरम असतानाच त्यात गंधकाचा तेजाब थोडा थोडा सोडतो, लिटमसचा कागद तांबडा होऊन पाणी चांगले आंबट होईपर्यंत. तेजाब पाण्यात घालावा, पाणी तेजाबात कधीही नव्हे. हे वाक्य आम्ही भिंतीवर रंगवून घेतले आहे, आणि ते रंगविण्यापूर्वी एका कामगाराच्या मनगटावर जो डाग पडला तो आजही आहे. दोन तासांत दुधाळपणा जातो, वर काळसर तेलाचा थर येतो आणि खाली पाणी ताकाच्या निवळीसारखे दिसते. हे वरचे तेल खाण्याचे नव्हे. ‘ॲसिड ऑइल’ म्हणून ते साबणवाले नेतात. खालच्या पाण्यात चुना घालून आंबटपणा मारावयाचा, मग थोडी तुरटी. तुरटीचे गुण आपल्या घरच्या माठाने सर्वांस शिकविलेच आहेत. ती उरलेल्या बारीक थेंबांस गोळा करून फुलांसारखे गुंते बांधते.

त्यानंतर ते पाणी मोठ्या टाकीत, आणि आता मात्र ती टाकी काम करते. तिचे तीन खण आहेत. दोन खणांमधील भिंतीस वाट आहे ती तळाशी, म्हणजे वरचे तेल मागे अडून राहते आणि पाणी खालून पुढे जाते. टाकी खोल बांधण्याचा मोह फार होतो, जागा वाचते. पण खोल टाकीत पाणी जास्त वेळ राहिले तरी थेंबास चढही तेवढाच जास्त पडतो, लाभ शून्य. टाकी पसरट हवी. जागा नसेल तर तिरप्या पन्हाळी पत्र्यांची चळत आत बसवावी. प्रत्येक दोन पत्र्यांमधली फट म्हणजे एकेक उथळ टाकीच. थेंब चार बोटे चढला की वरच्या पत्र्याच्या पोटास लागतो, तेथे दुसऱ्या थेंबांत मिसळतो आणि मोठा होऊन पत्र्याच्या कडेने वर सरकतो. मोठमोठ्या खनिज तेलाच्या शुद्धीकारखान्यांतही अशाच पद्धतीच्या टाक्या असतात. त्यांच्यापुढे आमची टाकी म्हणजे समईपुढे पणती, परंतु वात तीच!

जे थेंब एवढ्यानेही येत नाहीत त्यांच्यासाठी हवेचा उपाय आहे. पाण्यात दाबाने हवा विरघळवितात आणि तो दाब एकदम सोडतात; सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणे लक्षावधी सूक्ष्म बुडबुडे निघतात, ते तेलाच्या गुंत्यांस चिकटतात आणि त्यांस वर उचलून नेतात. याचे यंत्र आम्ही चार वर्षांनंतर घेतले. आधी घेण्याची ऐपत नव्हती, हे उघड सांगावयास लाज नाही. शेवटी पाणी हवा भरीत ठेवलेल्या हौदात जाते आणि तेथील जीवाणू उरलेला अंश खाऊन टाकतात. अमेरिकेत असलेल्या आनंदमोहन चक्रवर्ती या आपल्या शास्त्रज्ञाने खनिज तेल खाणारा जीवाणू प्रयोगशाळेत घडविला, आणि १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील पेटंटाचा हक्क मान्य केला, हे आपण वाचले असेल. आमच्या हौदात तसले काही नाही. शेणाच्या काल्याने आम्ही त्याची सुरुवात केली.

“एवढा खटाटोप कशास? नदी मोठी आहे,” असे म्हणणारे ज्ञातिबंधु आम्हांस प्रत्येक मेळाव्यात भेटतात. त्यांस फ्रँकलिनचा प्रयोग सांगावासा वाटतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी इंग्लंडात एका तळ्यावर चमचाभर तेल ओतले आणि ते अर्ध्या एकरावर पसरलेले पाहिले. १७७४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. एक चमचा आणि अर्धा एकर! तवंग पातळ असला तरी वारा आणि पाणी यांच्यामध्ये तो पडदा होतो, आणि त्यातले तेल कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू खातो. मासा गुदमरतो तो तेलाच्या विषाने नव्हे, श्वासावाचून. म्हणून खाण्याचे तेल नदीस निरुपद्रवी असते हा आमचा जुना युक्तिवाद चुकीचा होता. आपल्या राज्याने १९६९ साली जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला, १९७४ साली केंद्राचा कायदा आला. आणि पुढे ठरलेल्या मानकाप्रमाणे नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात तेल व वंगण लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. म्हणजे लाख भागांत एक भाग. आमच्या धुण्याच्या पाण्यात ते हजारी तीन भाग निघत असे, म्हणजे तीनशेपट.

यावर काही जण सोपी युक्ती सुचवितात: साबण किंवा डिटर्जंट अधिक घाला, तवंग दिसेनासा होतो. होतो खरा. १९६७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज फुटले तेव्हा तेथील लोकांनी हेच केले. समुद्रावर डिटर्जंट फवारले. तेल डोळ्यांआड झाले आणि किनाऱ्यावरील जीव तेलापेक्षा त्या फवाऱ्यानेच अधिक मेले. २०१० च्या ऑगस्टात मुंबईच्या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, त्या वेळी वर्तमानपत्रांत तरंगत्या अडसरांची नावे आपण वाचली. तेलास अडवून धरावे आणि वरून काढून घ्यावे, लपवू नये. तिसरा उपाय समुद्राजवळही नाही.

आता पैशाची बाजू, कारण आपण व्यापारी माणसे. ॲसिड ऑइलचे पैसे येतात. आमच्या गिरणीत त्यातून तेजाब, चुना आणि तुरटी यांचा खर्च भागतो. माणसाची मजुरी आणि विजेचे बिल भागत नाही. ‘सांडपाण्यातून सोने’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. आणखी एक उणीव सांगून टाकतो. एवढे सगळे करूनही पाण्यात क्षार राहतात. कॉस्टिक आणि तेजाब यांचे मिळून जे लवण होते ते पाण्यात विरघळलेले असते. ते वर येत नाही की खाली बसत नाही. म्हणून हे पाणी संत्र्याच्या बागेस देऊ नये. यावर आम्हांस सापडलेला उपाय एकच: कॉस्टिक मोजून घालणे. पूर्वी आमचा मिस्त्री ‘अंदाजाने दोन लोटे जास्त’ घालीत असे. आता प्रत्येक टाकीच्या तेलाची आम्लता काढून मग कॉस्टिक तोलतात. साबण कमी झाला, तेल कमी वाया गेले, आणि एका धुण्यात भागू लागले. ही सुधारणा आम्ही सर्वांत शेवटी केली. ती पहिल्या दिवशी करावयास हवी होती.

लहान गिरणीवाल्यांस हे सर्व एकट्याने झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. तीन-चार गिरण्या एकाच नाल्यावर असतील तर तेजाबाची टाकी ज्याची त्याने ठेवावी आणि पुढचा हौद मिळून बांधावा. नागपुरास लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली तंत्रसंस्था आहे, तेथे तेलाचे तंत्र शिकविले जाते. तेथेच १९५८ पासून सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची, आज ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी, राष्ट्रीय संस्था आहे. मंडळाने या वर्षीच्या शिष्यवृत्तींपैकी एक तेलतंत्राच्या विद्यार्थ्यासाठी राखावी अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे, आणि तिच्या निम्म्या रकमेचा भार घेण्यास आम्ही तयार आहोत.

भगिनींस एक शब्द. तळणाचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. नळीत ते गोठते, बाहेर गटारात तवंग होते. कढई आधी कागदाने किंवा राखेने पुसून मग धुवावी. हॉटेलवाल्या बंधूंस तर २०१८ च्या जुलैपासून नियमच आहे की, तेलातील बिघडलेला अंश शेकडा २५ वर गेला की ते तेल पुन्हा वापरावयाचे नाही. ते नाल्यात न टाकता बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांस द्यावे.

आपण ज्या काठावर बसलो आहोत ती वर्धा सातपुड्यातून निघून येथे येते, आणि येथून पुलगावाकडे जाते. रुक्मिणीमातेचे हे माहेर. आषाढी वारीसाठी येथूनच पालखी पंढरपुरास निघते, आणि आज पहाटे घाटावर किती मंडळी स्नानास उतरली ते आपण पाहिलेच. त्यांच्यामध्ये आम्हीही होतो. पाण्यात उतरण्यापूर्वी आम्ही त्याच्याकडे वाकून पाहिले. गिरणीवाल्याच्या डोळ्यांस ही खोड लागून जाते. त्या म्हातारीच्या वस्तीस पुढे नळ आला. विहीर साफ करून देण्याचा खर्च आम्ही केला, आणि दोन पावसाळ्यांनंतर तिच्या पाण्यावरचा तो रंग गेला; परंतु त्या वस्तीतील माणसे अद्याप ते पाणी पीत नाहीत. म्हातारी तर ते पाहण्यास राहिली नाही.

आता बाटल्यांकडे पाहावे. पहिलीत तेल केव्हाच वर आले आहे, मागच्या रांगेसही दिसत असेल. दुसरी अजून दुधासारखीच आहे. तिच्यात आता एक लिंबू पिळतो. लगेच काही होणार नाही. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत वेळ लागेल. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी जेवणानंतर येथे यावे, फक्त कोणी ती हलवू नये.